नववीचे प्रगतिपुस्तक कोणाच्या कपाटात आहे? मुख्याध्यापक आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेच्या फलकावर एक सूचना लागली. ‘इयत्ता नववीच्या मागील वर्षांच्या गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रती यापुढे देण्यात येणार नाहीत. पालकांनी कार्यालयात विचारणा करू नये.’ खाली सही आणि गोल शिक्का. शाळेचे नाव मी घेणार नाही. सूचना एका शाळेत लागली असली तरी तिच्यामागची सवय बऱ्याच शाळांची आहे, म्हणून हे पत्र एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे.

मी नाशिकचा. अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगी आठशे मीटर धावते. शिक्षण मराठी माध्यमात, दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात. राज्य स्पर्धेत पदक मिळवले, राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कोचने तिच्या शर्यतीचा व्हिडिओ पाहून तिच्याशी बोलणे सुरू केले. वेळ पसंत पडली, बोलणे पुढे सरकले, आणि मग त्यांनी कागद मागितले: नववीपासूनचे सगळे गुण. दहावीचे बोर्डाचे गुणपत्रक आमच्याकडे होते. नववीचे मिळाले नाही आणि अकरावीचे मिळाले ते कोणाला दाखवण्यासारखे नव्हते. शाळेच्या पत्त्यावर विद्यापीठाचा पडताळणीचा ईमेल आला होता, तो कोणी उघडलाच नाही. मुदत टळली. कोचने सभ्य शब्दांत कळवले की संघातली ती जागा त्यांना रिकामी ठेवता येणार नाही. मुलीची वेळ कमी पडली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. कमी पडले ते कागद, आणि ते तयार करणे तिच्या हातात नव्हते.

हे अमेरिकेचे खूळ काय आहे असे काहींना वाटेल, म्हणून थोडक्यात सांगतो. तिथे खेळाडू घडतो तो मुख्यतः कॉलेजात. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेत हजारावर कॉलेजे आहेत आणि ती तीन गटांत खेळतात. डिव्हिजन वन आणि डिव्हिजन टूमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी म्हणून काही मिळत नाही, अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. आपल्याकडची मुले या वाटेने आधीच गेलेली आहेत. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे एनसीएएचे टेनिस एकेरीचे विजेतेपद मिळवले. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये जिंकला. पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचे सुवर्ण भारताला मिळवून दिले. ‘तिकडे गेले की देशाला मुकले’ हे वाक्य मी आमच्या शाळेच्या कार्यालयात ऐकले आहे, म्हणून ही शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार नववी आणि अकरावीची. आपल्याकडे दहावी आणि बारावी ही वर्षे, बाकीची वर्षे म्हणजे त्यांच्या मधली जागा. नववीची परीक्षा शाळेची, अकरावीची कॉलेजची, बोर्डाकडे त्यांची नोंद नाही. ‘अकरावी म्हणजे आराम’ हे तर मुलांना शिक्षकच सांगतात. पण एनसीएएच्या पात्रता केंद्राचा हिशोब नववीपासून सुरू होतो. नववी ते बारावी या चार वर्षांत मुलाने मुख्य विषयांचे सोळा अभ्यासक्रम पूर्ण केलेले असावे लागतात. एक विषय एक वर्ष शिकला की एक धरायचा. डिव्हिजन वनसाठी त्यात इंग्रजी चार वर्षे, गणित तीन वर्षे, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रे दोन, आणि उरलेले याच प्रकारच्या विषयांतून किंवा भाषांतून. या विषयांची सरासरी चारपैकी किमान २.३ लागते, डिव्हिजन टूसाठी २.२. पूर्वी याच्या जोडीला सॅट किंवा एसीटी परीक्षेचे गुणही लागत. ती अट एनसीएएने २०२३ च्या जानेवारीत काढून टाकली. काही कॉलेजे स्वतःच्या प्रवेशासाठी ती परीक्षा अजूनही मागतात, पण खेळाच्या पात्रतेपुरते आता वर्गातल्या गुणांचेच वजन राहिले. म्हणजे ज्या नववीला आपण हिशेबात धरत नाही, ती तिथे दहावीच्या बरोबरीने मोजली जाते.

आणि आमच्या हातात काय आले? नववीचे प्रगतिपुस्तक शाळेने वर्षाअखेरीस सहीसाठी परत घेतले होते, ते नंतर सापडले नाही. ‘नववीचं कोण विचारतं? बोर्डाचं आहे ना, ते लावा,’ असे लिपिक म्हणाले. त्यांचाही दोष नाही, त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. कॉलेजने अकरावीचा कागद दिला, त्यावर विषयवार गुणच नाहीत. नुसता शेरा: ‘वरच्या वर्गात घातले’. दोन भाषा, चार विषय, वर्षभराच्या चाचण्या, प्रॅक्टिकल, सगळे त्या तीन शब्दांत. परदेशातल्या तपासनिसाने त्यातून २.३ काढायचे कसे? शिवाय ज्या ‘टाय-अप’ कॉलेजांत मुले हजेरीपुरती नाव नोंदवून क्लासला जातात, तिथल्या अकरावीच्या गुणांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरी तक्रार विषयांची. ही मला सगळ्यात जास्त बोचते, कारण यात कोणाचा आळस नाही, उलट माया आहे. मूल खेळाडू आहे म्हटल्यावर शाळा प्रेमाने सल्ला देते: ‘आर्ट्स घे, गणित सोड, सरावाला वेळ मिळेल.’ कॉमर्सला गेले तरी गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घ्यायला सांगतात. नववी आणि दहावीचे बीजगणित-भूमिती मिळून गणिताची दोन वर्षे होतात. डिव्हिजन वनला तिसरे वर्ष लागते, आणि ते अकरावीत गणित सोडलेल्या मुलाने कुठून आणायचे? डिव्हिजन टूला गणिताची दोनच वर्षे चालतात, तेवढे दार उघडे राहते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचे एक दार आपण बंद करतो आहोत हे बंद करणाऱ्याला ठाऊक तरी असावे. गंमत म्हणजे ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ या विषयात माझ्या मुलीला कायम अ श्रेणी. सोळा अभ्यासक्रमांत तो विषय धरतच नाहीत.

याच सल्ल्याचा धाकटा भाऊ म्हणजे ‘ड्रॉप’. राष्ट्रीय स्पर्धा आली, बारावी वाईट जाईल असे वाटले की म्हणतात, एक वर्ष सोड, पुढच्या वर्षी दे. डिव्हिजन वनच्या नियमात शालेय शिक्षण वेळेत पूर्ण व्हावे लागते आणि त्यानंतर फार तर एक अभ्यासक्रम जास्तीचा धरता येतो. गेलेले वर्ष पुढच्या वर्षी भरून काढता येत नाही. आपल्याकडे ड्रॉप घेणे ही सहज गोष्ट आहे, तिथे ती पात्रतेच्या मुळावर येऊ शकते.

तिसरी तक्रार वेळेची. तिकडच्या वेळापत्रकात एक तारीख आहे, १५ जून. बहुतेक खेळांत डिव्हिजन वनचे कोच मुलाची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून त्याच्याशी भरतीबद्दल थेट बोलू शकतात, फोन, मेसेज, ईमेल. त्याआधी मुलाने पत्र लिहिलेले चालते, पण कोच फार तर प्रश्नावली किंवा शिबिराचे पत्रक पाठवू शकतो. मग १ ऑगस्टपासून कॉलेजच्या खर्चाने भेटीला बोलावता येते. आपल्याकडे १५ जून म्हणजे शाळेची घंटा आणि अकरावीच्या याद्यांचा गोंधळ. त्या दिवसांत मुलाच्या हातात नववीचे गुण, दहावीचे गुण, इलेक्ट्रॉनिक वेळ असलेले निकालपत्रक आणि शर्यतीचा सलग व्हिडिओ असेल तर ते रांगेत पुढे असते. बहुतेकांना ही वाट कळते बारावीच्या दिवाळीत, आणि तोवर संघ बऱ्यापैकी भरलेले असतात.

हे संघही आता पूर्वीसारखे सैल राहिलेले नाहीत. आधी डिव्हिजन वनच्या मुलींच्या अ‍ॅथलेटिक्स संघाला १८ आणि मुलांच्या संघाला १२.६ इतक्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा असे. कोच त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटत. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघात किती खेळाडू ठेवायचे यावर मर्यादा आली, अ‍ॅथलेटिक्सला ४५. त्यात एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणारे वीस-एकवीस वर्षांचे तयार खेळाडू कोचला आयतेच मिळतात. अशा वेळी सतरा वर्षांच्या परदेशी मुलीसाठी कोच थांबेल तो किती? आमच्यासाठी थांबले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

चौथी तक्रार छोटी वाटेल, पण तिने आमचे बरेच दिवस खाल्ले. शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. क्रीडा प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव गाळलेले आणि आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. तीन कागद, तीन मुली. शिवाय मराठीतल्या कागदाचे ओळीला ओळ असे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. शाळेनेच लेटरहेडवर इंग्रजीत गुणतक्ता दिला असता तर हा खर्च आणि खटाटोप वाचला असता. आणि शाळेचा ईमेल! अमेरिकी कॉलेजे गुणतक्ता आणि शिफारस शाळेकडून थेट मागतात, पालकाच्या मोबाइलवरून नाही. आमच्या शाळेचा ईमेल पत्ता लेटरहेडवर छापलेला आहे. त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे हे कार्यालयात तीन जणांना विचारले. तिसऱ्याने सांगितले की ज्या सरांकडे होता ते निवृत्त झाले.

हजेरीबद्दल फार लिहीत नाही. राष्ट्रीय स्पर्धेला राज्याच्या संघातून गेलेल्या मुलीची गैरहजेरी ‘विनापरवानगी’ लागते आणि त्याच आठवड्यात तिच्या फोटोचा फ्लेक्स फाटकावर लागतो, एवढे सांगितले तरी पुरे.

पाचवी तक्रार मात्र नीट ऐका. तुमच्या सभागृहांत हल्ली सेमिनार होतात. सूटबूट घातलेला माणूस येतो, पडद्यावर हिरवेगार कॅम्पस दाखवतो आणि शंभर टक्के स्कॉलरशिपची हमी देतो. शाळेचे सभागृह, शाळेचा माइक, सूत्रसंचालन शाळेच्या बाईंचे. पालकाला वाटते शाळेने खात्री केली असेल. अशी हमी कोणी देऊ शकत नाही, शिष्यवृत्ती कोच आणि विद्यापीठ देते. यातले काही जण मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या टक्केवारीवर फी ठरवतात. एनसीएएच्या नियमांत प्रवेश मिळवून देण्यावर अवलंबून असलेली अशी फी खेळाडूची पात्रताच धोक्यात आणू शकते. हे ते पडद्यावर दाखवत नाहीत. तिथले खेळाडू जाहिरातींतून पैसे कमावतात, तेही सांगतात. पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी मुलांना कमाईवर कडक बंधने आहेत, हे सांगायचे राहते.

एजंटने ज्या कामाचे लाखभर रुपये मागितले, ते काम घरी फुकट होते. कॉलेजच्या संकेतस्थळावर प्रत्येक संघाची प्रश्नावली असते, ती भरायची. कोचचा ईमेल तिथेच असतो. पत्र मुलाने स्वतः लिहायचे, पालकाने नाही. विषयाच्या ओळीत प्रकार, सर्वोत्तम वेळ आणि बारावी पूर्ण होण्याचे वर्ष. आत चार ओळी, निकालाची लिंक, व्हिडिओची लिंक, गुण, प्रशिक्षकाचा संपर्क. आमच्या पोरीने पहिले पत्र शब्दकोश घेऊन लिहिले. ‘माझे वडील मला प्रेरणा देतात’ हे वाक्य मीच काढायला लावले, कोचला त्याचे काय! सेकंद लिहा, दोन दशांशांपर्यंत लिहा. जिल्हा स्पर्धेत हातातल्या घड्याळावर लागलेली वेळ तशी स्पष्ट लिहा, इलेक्ट्रॉनिक म्हणून खपवू नका. संघ कमी दर्जाचा वाटला तरी लिहा, डिव्हिजन टूलाही लिहा. एनसीएएबाहेर एनएआयए या दुसऱ्या संघटनेची कॉलेजे आहेत, तिथली बारावीनंतरची दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे आहेत, त्यांचे नियम वेगळे आहेत, तेही वाचा. एवढे सांगायला शाळेत एक तास पुरतो.

सगळ्या खेळाडूंनी अमेरिकेला जावे असे माझे म्हणणे नाही. पूर्ण शिष्यवृत्ती थोड्यांना मिळते, अर्धी मिळाली तरी उरलेली फी आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर असते, आणि व्हिसाचे काही सांगता येत नाही. मुलीला न पाठवण्याचा निर्णय आम्ही घरी बसून घेतला असता तर तो आमचा असता. इथे तो एका कपाटाने घेतला.

म्हणून मागण्या, सरळ शब्दांत.

नववी आणि अकरावीचे विषयवार गुण शाळेने आणि कॉलेजने कायम जपून ठेवावेत आणि मागितल्यावर आठ दिवसांत सही-शिक्क्यानिशी, इंग्रजीत, बंद पाकिटात द्यावेत. वाजवी शुल्क घ्या, आमची हरकत नाही. आमच्या शाळेने लावलेल्या सूचनेसारख्या सूचना असतील तिथे त्या काढून टाकाव्यात.

‘वरच्या वर्गात घातले’ हा शेरा गुणांच्या जागी लिहू नये. गुणांच्या खाली लिहा.

राज्य पातळीवर खेळलेल्या मुलाला अकरावीचे विषय निवडताना गणित सोडण्याचे परिणाम पालकांसमोर सांगावेत. तरीही त्याने सोडले तर तो त्याचा निर्णय.

शाळेच्या नावाचा एक चालू ईमेल असावा आणि तो रोज उघडणाऱ्या व्यक्तीचे नाव फलकावर असावे.

शाळेच्या रजिस्टरमधले नाव आणि पासपोर्टवरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे, असा दाखला द्यायला शाळेने खळखळ करू नये. राज्याच्या किंवा देशाच्या संघातून खेळायला गेलेल्या मुलाची हजेरी लावावी आणि बुडालेली चाचणी परत घ्यावी.

सभागृह एजंटला देण्याआधी त्याची फी कशावर ठरते हे लेखी घ्यावे, आणि तो कागद पालकांना दाखवावा. त्याऐवजी दरवर्षी नववीच्या वर्गाला, क्रीडाशिक्षकांनी, तासभर ही माहिती द्यावी. क्रीडाशिक्षकांवर आधीच निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंतची कामे आहेत हे मला माहीत आहे. म्हणून हा तास शाळेच्या वेळापत्रकात धरा, त्यांच्या सुट्टीत नको.

एका पानाच्या इंग्रजी गुणतक्त्याचा नमुना मी तयार केला आहे: विषय, वर्ष, कमाल गुण, मिळालेले गुण, उत्तीर्णतेची मर्यादा, शाळेचा संपर्क. ज्या शाळेला हवा असेल तिने मागावा, विनामूल्य पाठवीन. माझ्या मुलीच्या शाळेकडे तो दिलेला आहे. तिच्या क्लबातली दोन मुले यंदा नववीत आहेत. त्यांची प्रथम सत्राची परीक्षा दिवाळीआधी संपते, त्या गुणांपासून सुरुवात करता येईल.

आपला नम्र,
एका धावपटूचा पालक
नाशिक